ऑनलाइन क्लास लावलाय? मग पहिले पंधरा दिवस असे काढा

मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी मी ऑनलाइन वर्गात घसारा (डेप्रिसिएशन), म्हणजे वापरामुळे वस्तूची दर वर्षी घटणारी किंमत, शिकवत होते. दुपारी पारा ४५ ला टेकून आलेला, भिंती अजून तापलेल्या. स्क्रीनवर ५२ नावं, त्यातले ४९ काळे चौकोन. मी विचारलं, "मशीन १ ऑक्टोबरला घेतली, वर्ष ३१ मार्चला संपतं. पहिल्या वर्षाचा घसारा किती महिन्यांचा?" कोणी काही बोलेना. दहा-बारा सेकंद गेले असतील, तेवढ्यात कोणाचा तरी माईक चुकून सुरू झाला आणि डेझर्ट कूलरची घरघर सगळ्या वर्गात घुमली. त्यामागून अगदी स्पष्ट आवाज आला, "आई, कूलरमधलं पाणी संपून राहिलं ना!"

सगळे हसले असावेत. मला ४९ काळे चौकोनच दिसत होते.

मी नागपुरात कॉमर्सच्या मुलांना शिकवते, सकाळी कॉलेजात आणि संध्याकाळी ऑनलाइन. कॉलेजात शेवटच्या बाकावरचा पोट्टा एक शब्द बोलला नाही तरी त्याच्या कपाळावरच्या आठीवरून मला कळतं की गाडी कुठे अडली. ऑनलाइन वर्गात मला तीनच गोष्टी दिसतात: तुम्ही कधी आलात, काय लिहिलंत आणि काय जमा केलंत. तुम्ही वही भरून नोट्स काढल्या असतील, पण ती वही माझ्यापर्यंत पोचत नाही. या तीन गोष्टींची घडी पहिल्या पंधरा दिवसांत बसली तर पुढचं सेमिस्टर बऱ्यापैकी सुरळीत जातं. नाही बसली, तर ऑक्टोबरात "मॅम, मी होतो ना क्लासमधे" असे फोन येतात.

पैसे भरायच्या आधी

अख्खी पदवीच ऑनलाइन करणार असाल तर आधी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाइटवर जा. लोक त्याला 'डीईबी' म्हणतात. तिथे विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते, त्यामुळे तुमचाच कोर्स, याच सत्रासाठी यादीत आहे का ते पाहा. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (तुमचे क्रेडिट जिथे जमा राहतात ती) १२ अंकी एबीसी आयडी हवा. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गाडी नेमकी इथेच अडते, म्हणून हे काम शेवटच्या तारखेवर ढकलू नका.

इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. बर्डीच्या बाजारातल्या एखाद्या गाळ्यात कोणी "घरबसल्या बी.ई." देत असेल तर त्याचा चहा प्या आणि निघा. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. शंका असेल तर स्वतः जाऊन विचारलेलं बरं.

पहिली संध्याकाळ: काही शिकू नका, नुसतं फिरा

लॉगिन मिळालं की मुलं थेट पहिला व्हिडिओ लावतात. तसं करू नका. नवीन कॉलेजात पहिल्या दिवशी आपण आधी ऑफिस कुठे, लायब्ररी कुठे, पाण्याची टाकी कुठे ते बघून घेतो. इथेही तसंच. कॉलेज मूडल वापरत असो की गूगल क्लासरूम, एक तास फक्त प्रत्येक बटण उघडून बघा. असाइनमेंट कुठे दिसतात, मार्क कुठे दिसतात, रेकॉर्डिंग कुठे पडतात, शिक्षकांना खासगी निरोप कुठून जातो. गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंटखाली दोन प्रकारच्या कॉमेंट असतात: एक सगळ्या वर्गाला दिसते, दुसरी फक्त शिक्षकाला. "मॅम, फी भरायला पैसे नाहीत म्हणून पुस्तक घेतलं नाही" हे एका मुलीने चुकून सगळ्या वर्गासमोर लिहिलं होतं. तिला किती वाईट वाटलं असेल याची कल्पना करा. हा फरक पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

मग अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि एका कोऱ्या कागदावर हाताने चार गोष्टी उतरवा: जमा करायच्या सगळ्या तारखा, कशाला किती मार्क, उशीर झाला तर किती मार्क कापतात आणि शिक्षकांशी बोलायचा रस्ता कोणता. हा कागद भिंतीवर लावा, कॅलेंडरशेजारी. फोनमध्ये आठवण लावा, जरूर लावा, पण भिंतीवरचा कागद घरच्यांनाही दिसतो. "अरे, शुक्रवारी तुझं काहीतरी आहे ना?" असं आई विचारते, ते काम कोणतंही ॲप करत नाही.

आता एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण पहिल्या आठवड्यात निम्मा गोंधळ हिच्यामुळे होतो. कॉलेज तुम्हाला एक ईमेल आयडी देतं. फोनमध्ये आधीपासून तुमचं स्वतःचं जीमेल असतं, एक बाबांचं असतं, एखादं गेमसाठी काढलेलं असतं. वर्गाच्या लिंकवर टिचकी मारली की फोन त्यातलं कोणतं तरी एक उचलतो. गूगल मीटमध्ये थेट आत जाण्याऐवजी 'आस्क टु जॉइन' असं बटण दिसलं, तर समजा की तुम्ही बहुतेक चुकीच्या खात्यातून दार वाजवताय. आत शिक्षक बोर्डवर लिहिण्यात गुंतलेले असतात, त्यांना तुमची विनंती दिसतेच असं नाही. उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कॉलेजसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात फक्त कॉलेजचाच आयडी ठेवा. फोनवर मीट किंवा क्लासरूम उघडून उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारा आणि कॉलेजचं खातं निवडून ठेवा. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण हिच्यापायी वर्गाची पहिली पंधरा मिनिटं गमावणारी मुलं मी दर वर्षी पाहते.

त्याच संध्याकाळी नाव दुरुस्त करा. हजेरीच्या यादीत मला 'रेडमी नोट', 'किंग ऑफ मानेवाडा' आणि 'मम्मी' अशी नावं दिसतात. मम्मी नेमकी कोणाची हे मी कसं ओळखू? आधी रोल नंबर, मग पूर्ण नाव. बस.

स्वतःची ओळख लिहायला सांगतील

बहुतेक ऑनलाइन वर्ग पहिल्या आठवड्यात ओळख लिहून घेतात. मुलं लिहितात: "नमस्कार, माझं नाव अमुक, मी नागपूरचा आहे, मला हा विषय आवडतो." यावर कोणी काय उत्तर देणार? दुसऱ्याला धरायला एखादी खुंटी ठेवा. एका मुलाने लिहिलं होतं, "बाबांचं इतवारीत किराणा दुकान आहे. उधारीची वही मी सांभाळतो, पण ताळेबंद म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही. तेवढं कळावं म्हणून आलोय." त्याला नऊ उत्तरं आली. मी पुढे सहा महिने उदाहरणं देताना त्याच्या उधारीच्या वहीचाच आधार घेतला, आणि तो मुलगा पहिल्या आठवड्यापासून वर्गाच्या ओळखीचा झाला.

घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र लिहू नका. वर्गात कोण-कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

घरातली जागा: कूलर, लाइट आणि डेटा

नागपुरात एप्रिल ते जून कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलरसमोर बसून बोलता येत नाही. यावर माझे सगळे प्रयोग करून झालेत.

लॅपटॉपच्या माईकला कूलर आणि तुम्ही सारखेच ऐकू येता, म्हणून लॅपटॉपचा माईक वापरूच नका. वायरचा साधा इअरफोन घ्या, बर्डीवर शे-दोनशेला मिळतो. त्याचा माईक तोंडाजवळ येतो, त्यामुळे कूलर आपोआप मागे पडतो. वायरवरची ती छोटी डबी शर्टाच्या कॉलरला किंवा ओढणीला घासत असेल तर समोरच्याला खरखर ऐकू येते. ती डबी चिमटीत धरून बोला. कूलरच्या झोतात थेट बसू नका, थोडं बाजूला सरका. हवा माईकवर आदळली की आवाज फडफडतो. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये मागचा आवाज दाबायचा पर्याय असतो, तो 'हाय'वर ठेवा. कूलरची एकसुरी घरघर त्याने बऱ्यापैकी जाते. कुकरची शिट्टी आणि खालून जाणारी भंगारवाल्याची हाक यांची मात्र खात्री देता येत नाही. आणि हो, टाकीत पाणी क्लासच्या आधी टाका.

बसायची जागा अशी निवडा की खिडकी तुमच्या समोर येईल. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा ठिक्कर दिसतो. स्वतंत्र खोली सगळ्यांकडे नसते, नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरांमध्ये तर नाहीच. माझी एक विद्यार्थिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अख्खं वर्ष शिकली. जागा कुठलीही चालेल, पण रोज तीच ठेवा आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा.

डेटाचा हिशोब आधीच करून ठेवा. सगळ्यांचे व्हिडिओ सुरू असलेला एक तासाचा क्लास ढोबळमानाने एक जीबीच्या आसपास खातो. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर दोन तासांच्या क्लासनंतर संध्याकाळी व्हॉट्सॲपही उघडणार नाही. अशा वेळी स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा आणि झूमच्या सेटिंगमधून येणारा व्हिडिओही बंद करा. आवाज आणि स्लाइड एवढंच येऊ द्या. रेकॉर्डिंग बघताना ३६० पी पुरेसं असतं. बोर्डवरची अक्षरं बारीक असतील तेवढ्यापुरतंच वाढवा.

मग लाइट. मे-जूनच्या वादळात वीज जाते आणि वायफायही तिच्यासोबत जातं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण विकत घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेला आकडा बघून घ्या. तेवढा खर्च नको असेल तर क्लासच्या आधी लॅपटॉप आणि फोन दोन्ही पूर्ण चार्ज करा आणि फोनचा हॉटस्पॉट एकदा तरी लावून बघा. ऐन वेळी पासवर्ड आठवत नाही. लाइट गेलीच तर वर्गाच्या ग्रुपवर "लाइट गेली, येतो" एवढं टाका. ते वाचलं की मी निदान तुमचं नाव घेऊन हाका मारत बसत नाही.

क्लास सुरू झाल्यावर

दहा मिनिटं आधी या. घाईत लिंक शोधणं म्हणजे तीनशे मेसेजच्या ग्रुपमध्ये सुई शोधणं. पहिल्याच दिवशी लिंक बुकमार्क करून ठेवा.

माईक बंद ठेवूनच आत या. कॉम्प्युटरवर झूम असेल तर स्पेसबार दाबून धरला की माईक सुरू होतो आणि सोडला की बंद. मीटमध्ये कंट्रोल आणि डी दाबलं की माईक चालू-बंद होतो, कंट्रोल आणि ई दाबलं की कॅमेरा. ही बटणं बोटांना सवयीची झाली की "हॅलो, येतंय का? आवाज येतोय का?" यात वेळ जात नाही.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत इतर शिक्षकांपेक्षा वेगळं आहे. पूर्ण तास कॅमेरा चालू ठेवा असा हट्ट मी धरत नाही. डेटा जातो, घरात माणसं वावरत असतात, आणि सतत स्वतःचाच चेहरा बघून डोकं दुखतं ते वेगळं. पण पहिली पाच मिनिटं आणि तुम्ही बोलत असाल तेव्हा कॅमेरा लावा. एकदा चेहरा पाहिला की पुढे काळ्या चौकोनामागेही मला माणूस दिसतो. स्वतःचा चेहरा नको असेल तर झूममध्ये 'हाइड सेल्फ व्ह्यू' आहे. बाकीच्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला तुम्ही दिसत नाही.

शेजारी वही उघडी ठेवा आणि पेनाने लिहा. मी बोर्डवर हिशोब सोडवत असताना तुम्हीही सोडवा. स्क्रीनशॉट काढून ठेवले की काम झालं असं वाटतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गॅलरीत चारशे स्क्रीनशॉट सापडतात. त्यांतला एकही तोवर कोणी उघडलेला नसतो.

मी प्रश्न विचारला आणि उत्तर अर्धवट येत असेल, तर अर्धवटच चॅटमध्ये टाका. "मॅम, सहा महिने वाटतं, पण नक्की नाही." मला याचा फार उपयोग होतो. चॅटमध्ये आलेल्या चुकीच्या उत्तरावरून मला कळतं की वर्ग कुठे घसरला. त्या कूलरच्या दिवशीसुद्धा शेवटी चॅटमध्ये "१२?" असं एक उत्तर आलं. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असं बोटावर मोजत आम्ही सहापर्यंत आलो. १२ लिहिणाऱ्या त्या मुलीमुळे बाकीच्या ५१ जणांचा प्रश्न सुटला.

प्रश्न विचारायचा कसा

सगळ्यात जास्त येणारा मेसेज: "मॅम समजलं नाही." यावर मी काय सांगू? सगळं परत?

त्याच मुलाने हाच प्रश्न असा विचारला असता: "मॅम, चौथ्या उदाहरणात मशीन १,२०,००० ची आहे आणि दर १० टक्के. मी घसारा १२,००० काढला, पुस्तकात ६,००० आहे. मी कुठे चुकलो?" याला उत्तर द्यायला मला वीस सेकंद लागतात: मशीन वर्षाच्या मध्यात घेतली, म्हणून सहाच महिने धरायचे. कुठलं उदाहरण, मी काय केलं, मला काय मिळालं, काय यायला हवं होतं. एवढं लिहिलं की पुष्कळदा लिहितानाच उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवायचीही गरज पडत नाही.

विचारण्याआधी दोन ठिकाणी बघून घ्या: अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि आधी कोणी हेच विचारलंय का. "शेवटची तारीख कधी आहे?" हा प्रश्न मी एका सेमिस्टरमध्ये मोजायचा ठरवला होता. तीसच्या पुढे मोजणं सोडलं. विषयाची शंका सगळ्यांसमोर विचारा, कारण ती इतरांनाही असते. मार्क, आजारपण, फी आणि घरची अडचण मात्र खासगीत. शिक्षकाला रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप कॉल करू नका. ईमेल करा, विषयाच्या ओळीत वर्ग, रोल नंबर आणि काम लिहा.

लाज वाटते, इंग्रजी येत नाही, म्हणून गप्प बसणारी मुलं फार. कामठीहून, काटोलहून येणारी मुलं मराठी माध्यमातली असतात आणि चॅटमध्ये सगळे इंग्रजीत लिहितात म्हणून मागे राहतात. मराठीत लिहा. 'डेप्रिसिएशन'ला डेप्रिसिएशनच म्हणा, पण बाकीचं वाक्य मराठीत येऊ द्या. फोनमध्ये जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी जोडून घ्या. बोलून टाइप करायची सोय त्यात आहे आणि ती आता मराठीही बरी समजते. परीक्षा कोणत्या भाषेत लिहायची याचा नियम वेगळा असतो, तो विचारून घ्या.

लेखी चर्चेचे मार्क

काही कोर्समध्ये लेखी चर्चेला मार्क असतात: एक प्रश्न दिलेला असतो, तुम्ही उत्तर लिहायचं आणि दोघा-तिघांच्या उत्तरांवर बोलायचं. इथे "छान मांडलंस, सहमत" असं अडतीस वेळा वाचून मी थकते. त्याला मार्क मिळत नाहीत, मिळू नयेत. समोरच्याचं एक वाक्य धरा आणि त्यात आपलं काहीतरी घाला. जीएसटीवरच्या चर्चेत एकाने लिहिलं, "लहान दुकानदाराला फायदाच होतो." त्यावर दुसरीने लिहिलं, "माझ्या मामांची वाडीला हार्डवेअरची दुकान आहे. ते कंपोझिशन स्कीममध्ये (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) आहेत, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना मिळत नाही. मग फायदा नक्की कोणता?" या एका उत्तरावर चर्चा चार दिवस चालली.

पटत नसेल तर मुद्द्याशी भांडा, माणसाशी नको. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. समोर बसून गमतीत म्हटलेलं "काय बाप्पा, काहीपण!" स्क्रीनवर तुच्छतेने म्हटल्यासारखं वाचलं जातं.

उत्तर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, मग तिथून उचलून चिकटवा. पोर्टलवर थेट लिहीत बसलात आणि नेट गेलं, तर अर्ध्या तासाची मेहनत हवेत. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका. सगळे रविवारी रात्री अकराला लिहितात, मग एकमेकांचं वाचतं कोण?

एआयचं लिहिलेलं जसंच्या तसं चिकटवलेलं मला कळतं. ज्या मुलाने गेल्या आठवड्यात 'घसरा' लिहिलं, तो या आठवड्यात 'बहुआयामी परिप्रेक्ष्य' लिहितो. एखादी कल्पना समजून घ्यायला ते वापरायला माझी हरकत नाही. तुमच्या शिक्षकांचा नियम काय आहे तो मात्र आधी विचारा. प्रत्येकाचा वेगळा असतो.

असाइनमेंट: मेहनत करून शून्य घेऊ नका

दर वर्षी चार-पाच मुलं असाइनमेंट पूर्ण लिहितात, फाइल चढवतात आणि तरी शून्य घेतात. गूगल क्लासरूममध्ये फाइल जोडली म्हणजे ती जमा झाली असं नाही. 'टर्न इन' दाबावं लागतं, मग क्लासरूम विचारतं, नक्की का, तिथे परत दाबावं लागतं. मूडलमध्येही काही ठिकाणी फाइल 'ड्राफ्ट' म्हणून पडून राहते आणि शेवटचं सबमिट वेगळं असतं. जमा झाल्याचं दाखवणारी स्क्रीन टिपून ठेवा. स्क्रीनशॉट काढावा अशी ही एकच जागा.

'अनसबमिट'पासून सावध राहा. तारीख उलटून गेल्यावर एखादी चूक दिसली म्हणून फाइल परत काढून पुन्हा जमा केली, तर ती उशिराची धरली जाते.

हाताने लिहिलेलं पाठवायचं असेल तर पानांचे सुटे फोटो पाठवू नका. अडोब स्कॅनने किंवा गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा. दिवसाच्या उजेडात, गडद चादरीवर वही ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली तुमच्याच हाताची सावली पानावर पडते. पीडीएफ झाली की ती उघडून पहिलं आणि शेवटचं पान वाचून बघा. उलटी पानं तपासायला मला लॅपटॉप आडवा धरावा लागतो, आणि आडव्या लॅपटॉपवर माझा मूड काही चांगला नसतो. फाइलचं नाव रोल नंबर, विषय, असाइनमेंट क्रमांक असं ठेवा.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी युनिकोडच वापरावं. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं आणि वर्डची फाइल तशीच पाठवली, तर माझ्याकडे तो फॉन्ट नसतो आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तसं टाइप झालंच असेल तर पीडीएफ करून पाठवा.

रात्री ११:५९ ची वेळ दिली असेल तर ती नऊची समजा. शेवटच्या अर्ध्या तासात सगळा वर्ग एकाच दारातून आत घुसत असतो.

रेकॉर्डिंग आहे ना, मग बघू नंतर

हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं दिसतं. रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात बघा, नाहीतर ते बघितलं जात नाही. सव्वापट वेगाने बघा, हिशोब आला की थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढे जा. आधी क्लासला बसला असाल तर पूर्ण बघायची गरजही नसते. वहीत जिथे प्रश्नचिन्ह केलंय तेवढाच भाग बघा. क्लास चालू असताना वेळ लिहून ठेवायची सवय लावली, म्हणजे "७:२५ ला अडलो" असं, तर नंतर तेवढं ठिकाण लगेच सापडतं.

'स्वयं' पोर्टलवरून एखादा विषय घेतला असेल तर

केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं 'स्वयं' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात. पण तुमचं कॉलेज कोणता विषय, किती क्रेडिटला धरणार हे कॉलेजच ठरवतं. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या.

आयआयटी आणि आयआयएस्सी मिळून चालवतात त्या एनपीटीईएल या उपक्रमाचे कोर्स याच पोर्टलवर ४, ८ आणि १२ आठवड्यांचे असतात. दर आठवड्याला असाइनमेंट येते. मुदतीच्या आत ती कितीही वेळा जमा करता येते, शेवटची धरतात. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ मोजतात. त्यांचे २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षा तोंडी किंवा घरून नसते. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र घेऊन जावं लागतं.

कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं. परीक्षेचा फॉर्म आणि फी मात्र वेगळी, आणि त्याची तारीख कोर्स अर्ध्यावर असतानाच येऊन जाते. मला हे चांगलंच ठाऊक आहे. मी स्वतः एक कोर्स असाच केला, एकही असाइनमेंट चुकवली नाही, आणि दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून गेली. मेल आलेला होता, मी उघडला नव्हता. ज्ञान मिळालं, प्रमाणपत्र नाही. माझ्याच विद्यार्थ्यांनी मला त्यावरून वर्षभर चिडवलं. भिंतीवरच्या कागदाचा आग्रह मी तेव्हापासून धरते.

मागे पडलात तर

पडताच. पोळा येतो, मारबत येते, गणपती येतात, घरात लग्न निघतं, कंपनीत शिफ्ट बदलते. दोन आठवडे बुडाले की पोर्टल उघडायचीच भीती वाटू लागते, आणि न उघडल्याने तिसरा आठवडाही जातो. अशा वेळी सगळं पहिल्यापासून भरून काढायला बसू नका. आधी चालू आठवड्याच्या क्लासला या, अर्धवट कळलं तरी या. मग ज्याची तारीख अजून उलटलेली नाही ते जमा करा. जुन्या रेकॉर्डिंगचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि त्यातही आजच्या धड्याला लागतं तेवढंच.

आणि शिक्षकांना कळवा. बुटीबोरीत नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मेल मला आला होता, तो जवळजवळ जसाच्या तसा देते: "मॅम, रोल नंबर ३१. गेले पंधरा दिवस रात्रपाळी होती, दोन क्लास आणि असाइनमेंट ३ राहिली. या सोमवारपासून सकाळची पाळी आहे, क्लासला येईन. असाइनमेंट ४ शुक्रवारी वेळेत देते. असाइनमेंट ३ शनिवारपर्यंत दिली तर चालेल का? भागीदारीचा धडा कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये आहे?"

काय झालं, काय करणार, काय हवंय, सगळं सहा ओळींत. मी तिला दोन लिंक पाठवल्या. शनिवारपर्यंतची मुदत दिली, उशिराचे दोन मार्क कापेन हेही सांगितलं. तिने शुक्रवारीच दोन्ही जमा केल्या, एकीची पानं उलटी होती.